न सापडलेला फॉल्ट

पात्राव बसलेला मला आठवत नाही. रोज संध्याकाळी तो आमच्या पडवीत चहाला यायचा, पण कप हातात धरून उभा. एक घोट घेतला की अंगणात जायचा, वर सुपारीच्या शेंड्यांतून गेलेल्या वायरीकडे बघायचा, परत यायचा, दुसरा घोट घ्यायचा. माझी बायको सुरुवातीला खुर्ची पुढे करी. तो म्हणे, "वयनी, बसललो लाइनमन आणि सुकलली बाव, दोनय सारकी." बाव म्हणजे विहीर. पुढे तिने खुर्ची ठेवणं सोडलं आणि कपाला बशी देणंही सोडलं.

पात्राव हे त्याचं नाव नव्हे. गोव्याकडे मालकाला म्हणतात तो शब्द. त्याचं आजोळ तिकडचं. लहानपणी तो दिसेल त्याला पात्राव म्हणे, मग सगळे त्यालाच म्हणू लागले. चर्चच्या वहीतलं त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही. वाडीचंही लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे मागवले. "सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा" हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल याचा हिशोब नाही. स्वतःचा खुलासा लिहायला मला चार वर्षं लागली. आता शहात्तर पूर्ण झाली. गेल्या आठवड्यात वैभववाडीला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाने आमच्या भागातली एक गमतीची गोष्ट सांगितली. कोण एक म्हातारा लाइनमन, त्याने वाडीभर इंटरनेटच्या वायरी ओढल्या, मग डोकं फिरलं आणि एका गरीब सुनेवर आळ घेतला. पंगत हसली. मीही हसलो. घास तोंडात होता तो गिळेपर्यंत मी हसत होतो. घरी आल्यापासून मला कुठेच स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या वाडीत सहा घरं. डोंगराच्या कुशीत असल्यामुळे मोबाइलला रेंज नव्हती. बोलायचं तर वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर जायचं, तिथे काजूच्या एका झाडाखाली उभं राहिलं की आवाज येई. मग रस्त्याने इंटरनेटची केबल आली. ती पात्रावच्या घरापर्यंत येऊन थांबली, कारण त्याचं घर रस्त्याला लागून आणि पुढे खांब नाहीत. कंपनीचा माणूस म्हणाला, वरच्या घरांना देता येणार नाही. पात्राव त्याला म्हणाला, "तू जा. फुडला मी बघतंय."

छत्तीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात खांबांवर चढून काढली होती. कसालपासून मालवणपर्यंत कुठला खांब कुठे कललाय आणि धामापूरच्या तळ्याकडच्या वळणावर कुठल्या फांदीने किती वेळा तार पाडली, हे तो नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोले. टेलिफोनच्या तारा गेल्या, माणसांच्या खिशात फोन आले, आणि निवृत्तीनंतर त्याच्या हाताला काम उरलं नाही. म्हणून ही केबल आली तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा झाला असं त्याची मुलगी म्हणायची. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता.

दोन महिने तो वायरी ओढत होता. आपल्या घरात एक पेटी ठेवली, तिच्यातून पाच घरांना पाच वायरी. पेटी नेमकी येशूच्या तसबिरीखाली, कारण इन्व्हर्टरची लाइन तेवढ्याच भिंतीवर होती. "एकाच लाइनीर दोगय," तो म्हणे. "वीज गेली तरी दोगांचो दिवो चालू." वायरी कुंपणांवरून, सुपारीवरून, गोठ्याच्या वाशांखालून गेल्या. पहिल्याच महिन्यात चान्यांनी, म्हणजे खारींनी, दोन ठिकाणी वायर कुरतडली. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल त्याने सगळ्या वायरीला चोळलं. चान्या थांबल्या. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले आणि पंधरा दिवस तो हात दूर धरून, देवळातल्या मूर्तीसारखा फिरत होता. मी म्हटलं, "मेल्या, हातमोजे मिळतत बाजारात." तो म्हणाला, "हातमोज्यात वायर कळणा नाय."

त्याला वायर कळायची, हे खरं. पण त्याहून जास्त त्याला माणसांना प्रश्न विचारता यायचे. नेट गेलं अशी तक्रार आली की तो आधी पेटीकडे जात नसे. त्या घरी जाई आणि उभ्या उभ्या चौकशी करी. वरच्या एका घरात रोज नेट जायचं. तिथल्या बाईंशी त्याचं झालेलं बोलणं मी ऐकलं आहे.

"कितक्या वाजता गेला?"

"अकराक."

"तेव्हा तू काय करत होतंस?"

"मी काय करतलंय? वाटप लायत होतंय."

"कसला वाटप?"

"खोबऱ्याचा. आणि कसला असता? पात्रावा, तुका नेट व्हया की आमटी?"

त्याने वहीत लिहून घेतलं. टेलिफोन खात्याची फॉल्ट लिहायची जुनी वही होती, तीच तो वापरी. पंधरा दिवसांनी वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "हेडक्लार्क, ह्या घरात एकादशीक नेट जाणा नाय. संकष्टीक पण नाय." मला वाटलं गंमत करतो आहे. पण त्या घरी उपवासाच्या दिवशी वाटप लागत नसे, म्हणून मिक्सर चालत नसे, आणि मिक्सर व नेटचा डबा एकाच ढिल्या बोर्डवर होते. त्याने बोर्ड बदलला. क्रिस्तांव माणसाने हिंदूंच्या एकादश्या मोजून बिघाड शोधला, हे वाडीला फार आवडलं. आठ दिवस तोच विषय होता.

कंपनीला तक्रार करायची वेळ आली की मात्र तो निराळा माणूस व्हायचा. सड्यावर काजूखाली ताठ उभा राही, घसा साफ करी आणि खात्याच्या मराठीत बोलू लागे. "आपणांस कळविण्यात येते की दिनांक अमुकपासून आमची सेवा खंडित आहे." पलीकडची मुलगी हिंदीत काही विचारी. हा पुन्हा पहिल्यापासून "आपणांस कळविण्यात येते." शब्द अडला तर फोनवर हात ठेवून मला विचारी, "हेडक्लार्क, दुरुस्ती लवकर करा म्हणूचा असला तर काय म्हणतत?" मी सांगे, "सत्वर कार्यवाही व्हावी." तो ते वाक्य इतक्या आनंदाने म्हणे की मला माझ्या नोकरीबद्दल बरं वाटे.

त्याचा एकच नियम होता. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा फार. आभाळ गडगडलं की प्रत्येक घरात टीव्हीच्या, नेटच्या सगळ्या पिना काढून ठेवायची पद्धत आहे. पिना काढायला पात्रावची हरकत नव्हती. पण परत घालायच्या त्यानेच. "वीज थांबली म्हणान कोणी पिन घालूची नाय. मी येतलंय, मी घालतलंय." पाचही घरं फिरायला त्याला अर्धा दिवस लागे. लोक कुरकुरत, पण थांबत.

मी थांबलो नाही.

माझ्या मुलाने पुण्याहून मला एक राउटर पाठवला होता, मागच्या खोलीत नेट यावं म्हणून. गणपतीत आला तेव्हा त्यानेच तो बसवला. त्या डब्याला मागे एक निळं भोक आणि चार पिवळी. दसऱ्यानंतर एका दुपारी मोठा गडगडाट झाला, मी पिना काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं होतं आणि पात्राव अजून खालच्या घरात होता. मी वायर हातात घेतली, एका भोकात घातली, कट्‌ असा आवाज आला, दिवा लागला. नोकरीत मी फाइलींना दोऱ्या बांधल्या, वायरी कधी लावल्या नव्हत्या. दिवा लागला म्हणून मला अभिमान वाटला. वायर पिवळ्या भोकात गेली होती.

त्याच दिवशी वाडीतलं नेट बिघडलं. गेलं नाही, बिघडलं. एका घरात आहे तर दुसऱ्यात नाही. सकाळी आहे, दुपारी नाही. एकाच घरात सासऱ्याच्या फोनवर आहे आणि सुनेच्या फोनवर नाही. पात्राव घरोघर फिरला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा मी पडवीत पेपर वाचत होतो.

"हेडक्लार्क, पिन तू घातलंस?"

"नाय रे," मी म्हटलं. "तूच घातलंस मा काल?"

तो थांबला, अंगणात गेला, परत आला. "मी घातलंय? असात. काल पाच घरां फिरलंय, डोक्यात गोंधळ झालो आसतलो." आणि गेला.

एवढंच. इतकी लहान गोष्ट. नियम मोडला हे कबूल करायची लाज वाटली, बाकी मनात काही नव्हतं. माझ्या पिनेचा आणि वाडीच्या नेटचा काही संबंध असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण त्याला मी त्याच्या स्वतःच्या आठवणीबद्दल शंका घ्यायला लावली, हे तेव्हाही कळत होतं.

पुढचे अठरा दिवस पात्राव वायरींवर तुटून पडला. टेलिफोनमध्ये बिघाड म्हणजे तार: तुटलेली, भिजलेली, दुसरीला चिकटलेली. त्याला तेवढंच माहीत होतं. त्याने एकेक जोड उघडला, पुसला, पुन्हा बांधला. सुपारीवर चढायला माणूस बोलावला, पण तो हळू चढतो म्हणून स्वतः अर्ध्यापर्यंत चढला. चहाचा कप आमच्याकडे निम्मा राहू लागला. जेवताना उठून जातो, अशी त्याची मुलगी गोव्याहून फोन करून माझ्या बायकोकडे तक्रार करी. लोक रस्त्यात अडवून टोचत. "पात्रावा, आज एकादशी की काय?"

कोपऱ्यावरच्या घरातली सून तेव्हा घरून काम करायची. पुण्याच्या एका कंपनीचा लॅपटॉप तिला आला होता. कानाला यंत्र लावून ती दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐके आणि उत्तरं देई. नवरा मुंबईत, सासू अंथरुणावर. तिला नेट लागायचं सर्वांत जास्त, म्हणून बोलणं तिच्याकडे वळलं. तिच्या कंपनीच्या लॅपटॉपात काहीतरी आहे, तो सगळं ओढून घेतो, असं कोणी म्हणालं आणि दोन दिवसांत ते सगळ्यांचं मत झालं. पात्रावने तिला विचारलं. ती म्हणाली, "मी काय्येक करूक नाय, अंकल." पात्राव म्हणाला, "बाय गो, सगळे असाच सांगतत."

मग त्याने ठरवलं, रोज एका घराची वायर पेटीतून काढून ठेवायची आणि बघायचं. ज्या दिवशी बिघाड जाईल, त्या दिवशी बंद असलेलं घर चोर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, वरची तीन घरं. मी म्हटलं, "माझी कधी काढतंस?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. त्याने हो म्हणावं असं मला वाटत होतं बहुतेक. तो म्हणाला, "तुझो दिवस कित्याक फुकट घालवू? तू हात लावूक नाय म्हणान सांगलंस मा?"

त्या सुनेची पाळी त्याने रविवारी ठेवली. तिला त्या दिवशी सुट्टी असे, तिचं काम बुडू नये म्हणून. आणि रविवारीच माझ्या मुलालाही सुट्टी असे. त्या दिवशी माझ्याकडचं नेट नव्हतं, म्हणून मी सड्यावर जाऊन त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, वायर निळ्या भोकात आहे ना?" मी घरी येऊन बघितलं. पिवळ्यात होती. काढली, निळ्यात घातली. अकरा वाजत आले होते. फोनला नेट आलं तसा मी त्याला व्हिडिओ लावला. तो हसला आणि म्हणाला, "मग अख्ख्या वाडीचं नेट तुमच्यामुळेच पडत होतं."

त्याने मला समजावलं ते असं. प्रत्येक फोन, प्रत्येक कॉम्प्युटर चालू झाला की विचारतो, मला नंबर कोण देणार? वाडीत नंबर देणारी पेटी एकच असायला हवी, पात्रावची. माझी वायर पिवळ्यात गेल्यापासून माझा डबाही नंबर वाटायला लागला. जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर. ज्यांना पात्रावचा मिळाला त्यांना नेट. ज्यांना माझा मिळाला ते माझ्या दारात येऊन उभे, आणि माझ्या दारातून पुढे रस्ताच नाही. वायर सगळी धड होती. अठरा दिवस तो माणूस धड वायर तपासत होता.

मी चपला घातल्या आणि खाली निघालो. सांगायलाच निघालो होतो. पात्रावच्या दारात पोचलो तेव्हा वरच्या घरातले दोघे तिथे उभे होते आणि पात्राव त्यांना सांगत होता, "साडेधाक तिची पिन काढलंय. अकरापासून सगळ्यांका चालू." त्यातला एक मला बघून म्हणाला, "बघा काका, चोर गावलो." मी म्हटलं, "बरा झाला." आणि घरी आलो. उद्या एकट्याला गाठून सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

वाडीने ठरवलं की कोपऱ्यावरच्या घराला नेट द्यायचं नाही. ती सून रोज सासूला शेजारणीच्या ताब्यात देऊन स्कूटरवरून कसालला जाऊ लागली, तिथे बहिणीच्या खोलीत बसून काम करी. तीन आठवडे गेले. एकदा सासू पडली, ती मधूनच निघून आली. असं दोनदा-तीनदा झालं आणि कंपनीने तिला कामावरून काढलं.

सगळी वाडी खूश होती आणि पात्राव मात्र थांबत नव्हता. बिघाड गेल्यावर तो जास्तच फिरू लागला. चहाला आला की म्हणे, "हेडक्लार्क, गेललो फॉल्ट आणि गावललो फॉल्ट एक न्हय. ह्यो गेललो आसा. गावाक नाय." सापडलेला नाही, असं त्याला म्हणायचं असे. मी म्हणे, "चलता मा आता? मगे सोड." तो म्हणे, "तिच्या लॅपटॉपान काय केल्यान ता माका सांगूक येणा नाय. मगे मी तिका चोर कसो म्हटलंय?" हे तो मला विचारत होता. माझ्याच पडवीत उभा राहून, माझ्याच घरचा चहा हातात धरून. मी बिस्किटाची बशी पुढे केली.

जत्रेच्या आधी वाडीची बैठक असते. त्या वर्षी पात्राव बिनबोलावता आला आणि मधोमध उभा राहिला. ती सूनही आली होती, बायकांच्या बाजूला, मी बसलो होतो त्याच्या जवळच. पात्राव म्हणाला, "मी ह्या चेडवाक चोर ठरवलंय. ता चोर न्हय. नऊ दिस झाले, तिची वायर मी परत जोडलंय. तुमका कोणाक सांगूक नाय. कोणाचा नेट गेला? नाय. म्हणजे फॉल्ट तिचो न्हय. खंयचो ता माका गावाक नाय. चूक माजी. बाय, माका माफ कर."

कोणीतरी म्हणालं, "पात्रावा, चलता मा? मगे ऱ्हवांदे." तो म्हणाला, "जो फॉल्ट माका गावाक नाय, तेच्या भरवशार मी तुमका ठेवचंय नाय. उद्यापासून वायर काढतंय." मागून हळू आवाजात एकजण बोलला, "म्हाताऱ्याच्या डोक्याचीच वायर सुटली." लोक हसले. माझ्याकडे पाण्याचा तांब्या होता. मी पाणी प्यालो.

वायरी काढायला त्याला सहा दिवस लागले. शिडी मी धरली. वरून त्याने माझ्या घराची वायर सोडवून खाली दिली आणि म्हणाला, "बघ, तुझी वायर सगळ्यांत बरी. एकय जोड नाय." मी ती गुंडाळली.

नंतर तो गोव्याला मुलीकडे गेला. घराला कुलूप आहे. पुढे खांब आले, घरोघर कंपनीची वायर आली, आता कोणाला कोणाच्या पेटीची गरज नाही. त्या सुनेला सात महिने काम नव्हतं. आता ती मालवणातल्या दोन-तीन हॉटेलांच्या खोल्यांचं बुकिंग घरून बघते. पात्रावची गोष्ट तेवढी राहिली, आणि ती वैभववाडीच्या पंगतीपर्यंत पोचली.

त्या लग्नाहून आलो आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"कोण?"

"मी. हेडक्लार्क."

"जिवंत आसस?"

"आसंय."

"मगे बोल."

मी सगळं सांगितलं. राउटर, पिवळं भोक, पडवीतलं ते "नाय रे", सगळं. संपल्यावर तो म्हणाला, "कितके दिस पिवळ्यात होती?"

"अठरा."

"आणि काढलंस कधी?"

"त्याच रविवारी. अकराक."

मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. तो म्हणाला, "म्हणजे माझी वायर बरी होती."

"बरी होती."

"जोड?"

"सगळे बरे होते. एकय वायट नव्हतो."

तो हसला, मोठ्याने, तिकडे कोंकणीत मुलीला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा हसला. "चार वरसां, हेडक्लार्क. गोठ्यामागच्या जोडात पाणी गेला आसतला, ह्याच माका वाटत होता. चार वरसां तो जोड माझ्या डोळ्यांसमोरसून गेलो नाय." एवढ्या आनंदाने कोणी मला कधी मारलं नव्हतं. मग तो एकदम थांबला.

"तिका सांगलंस?"

"नाय. पयलो तुकाच."

"माका कित्याक? माझी वायर गेली. तिची नोकरी गेली."

आणि त्याने फोन ठेवला.

मी दुपारी कोपऱ्यावरच्या घरी गेलो. ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती, कोणाशी तरी खोलीच्या भाड्याबद्दल बोलत होती. हाताने मला बसायला सांगितलं. बोलणं संपल्यावर कानावरचं यंत्र गळ्यात उतरवलं. "काय काकानू, आज हंय खंय?" मी सांगितलं. फोनवर सांगितलं त्यापेक्षा वाईट सांगितलं, शब्द मागेपुढे झाले. ती लॅपटॉपच्या झाकणावर बोट फिरवत ऐकत होती.

"त्या बैठकीत तुम्ही माझ्या बाजूकच होतात," ती म्हणाली.

"होय."

"अंकलनी माफी मागल्यानी, तेव्हा तुम्ही पाणी पियालात. माका आठवता. माका वाटला, तुमका माझ्यासाठी वायट वाटला."

आतून तिच्या सासूने कोण आलंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "वयले काका." मग माझ्याकडे वळून आवाज न चढवता म्हणाली, "सासूबाईंका लोक अजून इचारतत, सुनेच्या कंप्युटरात काय होता म्हणान. अंकलनी न केलल्या चुकीची माफी सगळ्यांसमोर मागल्यानी. तुम्ही केलल्या चुकीची माझ्या पडवेत मागतास."

तिचा फोन वाजला. तिने यंत्र कानाला लावलं आणि खोलीची चौकशी करणाऱ्या कुणाशी मराठीत बोलू लागली. मी उठलो.

वाडीची बैठक जत्रेआधी, तिला अजून दीड महिना आहे. तोवर थांबलो तर मी पुन्हा थांबत राहीन, हे मला आता माझ्याबद्दल माहीत झालं आहे. म्हणून येत्या रविवारी माझ्या अंगणात सगळ्यांना बोलवायचं ठरवलं आणि काल सकाळी वरच्या घरांकडे निघालो. पहिल्या घरात तोच भेटला, ज्याने चोर सापडला म्हणून मला सांगितलं होतं. फणसाच्या फांद्या तोडत होता.

"रविवारी सकाळी ये," मी म्हटलं. "नेटाचा बोलूचा आसा."

"आता काय त्येचा? नेट बरा चलता."

"आताचा न्हय. चार वर्सांपूर्वी गेला होता त्येचा."

"ता पात्रावाचा? सोडा मरे काका. म्हातारो गेलो, वायर गेली."

रविवारपर्यंत दम धरायचं मी ठरवून आलो होतो. कोणते शब्द वापरायचे तेही कागदावर लिहून ठेवले होते. पण तो पुन्हा फांदीकडे वळला, तसं मी म्हटलं, "पात्रावाची वायर बरी होती. त्या चेडवाचो लॅपटॉप पण बरो होतो. पिन मी चुकीची घातलंय, आणि तुमका कोणाक सांगूक नाय. तुका पण नाय. त्या दिवशी तुझ्या फुड्यात उभो होतंय तरी."

त्याने कोयता खाली ठेवला. घरातून त्याची आई दारात आली आणि म्हणाली, "काय म्हणतत रे ते?"

"तू सांग तिका," मी त्याला म्हटलं, आणि पाणंदीने वर चढायला लागलो. अजून दोन घरं होती.